ठोंबरे मॅडमनी मोडलेला नियम

ठोंबरे मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा डोक्यावरचं हेल्मेट न काढता थेट स्वयंपाकघरात गेल्या. माझ्या बायकोनं, कल्पनानं, पाणी दिलं. हेल्मेटची काच वर करून त्या पाणी प्यायल्या, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "आज काय बिघडवलं पोरीनं?"

आमची धाकटी मुलगी नंदिनी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे, हे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती बोलत नव्हती, हाक मारली तर वळून पाहत नव्हती. केनवडच्या भर चौकात माझं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, दिवसभर माणसांचा राबता. त्या माणसांशी तिच्याबद्दल काय बोलायचं ते मला कधी कळलं नाही. म्हणून आम्ही बोलतच नसू. ती घरात आतल्या खोलीत असायची.

कल्पना म्हणाली, "तुरीची डाळ टाकली. माठात."

"पिण्याच्या?"

"हो."

"समदा डबा एकदम उलटा केला, का मुठीमुठीनं?"

"मुठीमुठीनं."

मॅडमनी टाळी वाजवली. हेल्मेट काढलं, माठाशी उकिडव्या बसल्या आणि आत वाकून पाहायला लागल्या. "मंग हे बिघडवणं नाई वहिनी. पोट्टीले बुडणारं पाह्यले आवडते. उद्यापासून डाळ धुवाचं काम तिचं."

कल्पनाला ते पटलं नव्हतं. पण थोड्याच महिन्यांत आमच्या घरची डाळ नंदूच धुवायला लागली. तिच्याइतकी सावकाश आणि स्वच्छ डाळ आमच्या घरात अजूनही कुणी धूत नाही.

मॅडम तालुक्याच्या शिक्षण विभागाकडून करारावर नेमलेल्या फिरत्या विशेष शिक्षिका होत्या. राहायला रिसोडला. जी मुलं शाळेत बसू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, आणि जी बसू शकतील त्यांना बसवून दाखवायचं, हे त्यांचं काम. स्कूटी इतकी हळू चालवायच्या की सायकलवाली पोरं त्यांना मागं टाकून जायची. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात खेळणी कधी दिसली नाहीत. कपड्यांचे चिमटे, बाटल्यांची झाकणं, एक कुलूप-किल्ली, मोठ्या गुंड्या शिवलेलं फडकं, आणि बडीशेपेची डबी. बडीशेप मात्र त्यांची स्वतःची. त्यांना राग आला की डबी उघडायच्या, चिमूटभर तोंडात टाकायच्या, आणि ती चावून होईपर्यंत समोरच्याला वाट पाहावी लागायची. गाता येत नसताना मुलांसमोर मोठ्यानं गायच्या. वेळेवर कधी आल्या नाहीत. ठेचा वाढला की दुसरी भाकरी मागून घ्यायच्या. कुणी "मॅडम, तुमी देवमाणूस" म्हणालं की म्हणायच्या, "देवाले मानधन नाई भेटत. मले भेटते. मी नोकरी करून राह्यली."

त्यांचा एक नियम होता आणि त्यात त्या तडजोड करत नसत. रोज संध्याकाळी मुलाला ओट्यावर बसवायचं. घरासमोरच्या ओट्यावर, रस्त्याला तोंड करून. आत नाही, अंगणात नाही, ओट्यावर.

कल्पनानं विचारलं, "बसून काय करन ती तिथं?"

"काई नाई करन. बसन."

"लोक पाह्यतात मॅडम."

"त्याच्यासाठीच तं बसवाचं. ज्या लेकराले गाव पाह्यत नाई, त्याले गाव सांभाळत नाई."

पहिले काही दिवस कल्पना तिच्या शेजारी पदर डोक्यावर घेऊन बसायची. जाणारे-येणारे थांबायचे, काहीबाही विचारायचे. एका म्हातारबांनी सांगितलं, कुण्या देवस्थानाचा अंगारा लावा. नंदू आपली गुडघ्यावर झाकणं मांडायची. मग हळूहळू थांबणारे कमी झाले. मोटारसायकलवरून जाणारी पोरं "नंदे" म्हणून हात करायला लागली. ती पाहायची नाही, तरी करायची.

एका बाजाराच्या दिवशी ती घरातून निघून गेली. कल्पना मागच्या अंगणात कपडे धूत होती, मी दुकानात. कळलं तसा मी दुकान उघडं टाकून पळालो. केनवडच्या बाजारात आसपासच्या गावांची माणसं येतात. ज्या मुलीला स्वतःचं नाव सांगता येत नाही, ती तिथं शोधायची कशी? मी बाजाराच्या तोंडाशी पोचलो तर समोरून मिरच्या विकणारी एक बाई नंदूचं मनगट धरून येत होती. तिला मी ओळखत नव्हतो.

"तुमचीच ना हे ओट्यावरची?" ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. म्या म्हटलं, ही अठी कशी?"

मॅडमना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, त्या म्हणतील, बघा, मी सांगत होते. त्या म्हणाल्या, "टाकीपाशी? कोणत्या नळाजवळ?" आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी नंदूला नळ बंद करायला शिकवलं.

महिन्यातून एकदा शाळेच्या व्हरांड्यात त्या पालकांना जमवायच्या. बाया यायच्या, बाप येत नसत. मीही त्या न येणाऱ्यांतलाच. पेरणीच्या तोंडावर एके दिवशी दुकानात ही गर्दी, सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्यांसाठी लोक रांगेत. त्या रांगेत हेल्मेट घालून एक बाई उभी. नंबर आला तशी काच वर केली.

"बोला मॅडम, काय पाह्यजे?"

"एक बाप द्या."

रांग हसायला लागली.

"तासाभरासाठी पाह्यजे," त्या म्हणाल्या. "वापस आणून देते. खराब नाई करत."

मागून कुणीतरी म्हणालं, "घेऊन जा मॅडम, पण वजन करून घेजा. काटा ह्याचाच हाय." माझा काटा तेव्हापासून गावात बदनाम आहे. पण मी गेलो. व्हरांड्यात त्यांनी माझ्या हातात नेलकटर दिलं आणि नंदूची नखं कापायला लावली. तोपर्यंत मी माझ्या मुलीचा हात इतका वेळ हातात धरला नव्हता.

त्याच व्हरांड्यात मी सुनीताला पाहिलं. केनवडच्या पलीकडे माळावर एक वस्ती आहे, तिथली. थोडी कोरडवाहू जमीन, आणि दसऱ्यानंतर सगळं घर ऊसतोडीला. तिचा मुलगा सोनू नंदूपेक्षा लहान. त्याला फिट यायच्या आणि समज कमी होती. मॅडमनी त्याला दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू करवल्या होत्या. रिसोडहून त्या गोळ्या त्याच आणायच्या. सुनीता मॅडमचं सगळं ऐकायची असं नाही. उलट भांडायची. मॅडमनी एकदा तिला भरात येऊन सांगितलं होतं की पोळ्यापर्यंत सोनू स्वतःचं नाव लिहील. पोळा आला, नाव आलं नाही. पुढच्या बैठकीत मॅडम सगळ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "सुनीता, माह्यं चुकलं. मी जास्तीचं बोलली. तुह्या लेकराले उगाच ओझं झालं." सुनीता म्हणाली, "जाऊ द्या न, त्याले कुठं चिठ्ठी लिहाची हाय." तेव्हापासून त्या दोघींचं जमलं.

ओट्याचा नियम सुनीतानंही पाळला, आणि तिला तो महागात पडला. तिच्या जावेच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. घर सगळ्यांचं एकच. जाऊ म्हणाली, पोराला मागं कोंड. सुनीता मॅडमकडे विचारायला आली. मॅडम म्हणाल्या, कोंडायचं नाही. सोनू ओट्यावरच बसला, पाहुण्यांसमोर त्याला फिट आली, आणि पाहुणे चहा न घेता उठले. जावेनं सुनीताची चूल वेगळी करून दिली. तरी सुनीतानं मॅडमना बोल लावला नाही. त्या वर्षी तर ती म्हणाली होती की या खेपेला सोनूला ऊसतोडीवर नेणार नाही. सासूपाशी ठेवीन, शाळेत जाईल, गोळ्या वेळेवर होतील. मॅडम हे ज्याला त्याला सांगत सुटल्या होत्या.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण ती टाळून मॅडमबद्दल लिहिणं म्हणजे पुन्हा एकदा खोटं वागणं होईल.

पोळा झाल्यावर आमच्या थोरल्या मुलीला, वैष्णवीला, एक स्थळ सांगून आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर वाशिमला. आणलं होतं कल्पनाच्या भावानं. तो शिरपूरला असतो, आणि त्याला त्या घरची माणसं माहीत होती. तो म्हणाला, "दाजी, त्या दिवशी लहानीले कुठंतरी ठेवा."

"आणि नंतर?"

"नंतर सांगू न. लग्न जमल्यावर सांगू. आधीच कायले घाबरवता लोकाईले?"

दुसऱ्या दिवशी वैष्णवीला सोबत घेऊन मी रिसोडला मॅडमच्या घरी गेलो, त्या दिवसापुरतं नंदूला ठेवून घ्या म्हणायला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "नंदू माह्याकडं शंभर वेळा राहील भाऊ," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी नाई."

"मॅडम, वैष्णवीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"अन नंदूच्या कायचा हाय?"

मी बरंच काही बोललो. त्या नाहीच म्हणत राहिल्या. मग माझ्या तोंडून निघालं, "तुम्ही तासभर येता अन स्कूटीवर बसून निघून जाता मॅडम. बाकीचं आम्हाले पाह्यचं असते."

त्यांनी डबी उघडली. बडीशेप तोंडात टाकली नाही, तशीच डबी मिटली. वैष्णवीकडे वळून म्हणाल्या, "तुले काय वाटते वं?"

वैष्णवी ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. म्हणाली, "मले काईच नाई वाटत मॅडम. मी दमली."

मॅडम आमच्या घरी येत तेव्हा नंदूच्या आधी वैष्णवीशी दोन शब्द बोलायच्या. अभ्यास कसा चालू आहे, मैत्रिणी घरी येतात की नाही. म्हणायच्या, घरात एक लेकरू आवाज करतं म्हणून दुसऱ्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. त्या दिवशी त्यांनी तो ऐकला. मी ऐकला नव्हता. मी माझंच मांडत होतो.

मग त्या म्हणाल्या, "आणा नंदूले. सकाळीच आणा. पण मले खोटं बोलता येत नाई. कोणी विचारलं तं मी सांगीन."

मी म्हणालो, विचारतंय कोण.

पाहुणे आले. वैष्णवी त्यांना आवडली. मी त्यांना दुकानाबद्दल, शेताबद्दल, यंदाच्या सोयाबीनबद्दल सांगितलं. मुलाच्या आईनं विचारलं, घरात कोण कोण असतं? मी म्हणालो, आम्हीच. त्या शब्दात किती माणसं येतात ते त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी नंदूला आणायला गेलो तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. "सुनीता येऊन गेली," त्या म्हणाल्या.

सुनीता रिसोडला कामानं आली होती, सोनूच्या गोळ्या घ्यायला त्यांच्या घरी डोकावली. नंदूला तिथं पाहून तिनं विचारलं, "हे अठी कशी?" आणि मॅडमनी सांगितलं, "तिच्या घरी पाहुणे आले. वैष्णवीले पाह्यले." बस, एवढंच.

"काय म्हणाली मग?" मी विचारलं.

"म्हणाली, मोठ्या लोकाईच्या लेकराले तुमचं घर, अन आमच्या लेकराले ओटा." मॅडमचा आवाज नेहमीसारखाच होता. "गोळ्या न घेताच गेली."

मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "नंदू जेवली. दोन पोळ्या खाल्ल्या." आणि तिची चप्पल शोधायला आत गेल्या.

त्यानंतर सुनीता बैठकीला आली नाही. आणखी दोघी आल्या नाहीत. मॅडम वस्तीवर जात राहिल्या. सुनीता दारात उभी राहून "सोनू झोपला" म्हणायची. मग कळलं, ती सोनूला ऊसतोडीवर नेणार आहे. शाळा नाही, सासू नाही.

सुनीताला वाटत होतं की मॅडमनी दुकानदाराची मर्जी राखली. मॅडम आधी किती वेळा नाही म्हणाल्या, आणि कोणत्या शब्दांनी मी त्यांना वाकवलं, हे तिला कळायला हवं होतं. ते सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. मॅडम स्वतः सांगणार नाहीत हे मला माहीत होतं. स्वतःच्या बाजूनं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांनी मला "जाऊन सांगा" असंही कधी म्हटलं नाही. दसऱ्याला साखरपुडा झाला होता आणि तिकडच्या मंडळींना अजून नंदूबद्दल सांगितलं नव्हतं. वस्तीवर बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत शिरपूरला पोचतो, तिथून वाशिम काही लांब नाही. मी स्वतःला सांगत राहिलो, लग्न होऊ दे, मग जाईन.

लग्नाचा बस्ता बांधायला गेलो तेव्हा कापडाच्या दुकानात मी मुलाच्या आईला नंदूबद्दल सांगितलं. तोपर्यंत वैष्णवीनं मुलाला फोनवर सांगून टाकलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या बाईंनी हातातली साडी खाली ठेवली. मला वाटलं, मोडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "असेल हो. लेकरं काय सारखी असतात? पण आम्ही आलो त्या दिवशी ती होती कुठे?"

कल्पना म्हणाली, "रिसोडला." लग्न ठरल्याप्रमाणे झालं. वैष्णवी सुखात आहे. तिचा नवरा आला की नंदू त्याच्या पायाशी झाकणं मांडते आणि तो पाय हलवत नाही. हे पाहिलं की मला बरं वाटतं, आणि लगेच त्या बाईंचा प्रश्न आठवतो.

मॅडम लग्नाला नव्हत्या. तोपर्यंत त्यांची नेमणूक मानोरा तालुक्यात, इंझोरीच्या भागात झाली होती. करारावरच्या माणसांचं असंच असतं. मी पत्रिका पाठवली. त्यांनी फोन करून वैष्णवीशी गप्पा मारल्या, नंदू डाळ धुते का विचारलं, माझी चौकशी केली नाही असंही नाही.

ऊसतोडीची माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आली. सोनूच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे. गोळ्या संपल्या होत्या आणि चुलीपाशी फिट आली होती. सुनीता पेरणीच्या वेळी त्याला घेऊन माझ्या दुकानात बियाणं न्यायला येते. मी त्याच्या हातात गोळी-बिस्कीट ठेवतो. तो त्याच हातानं घेतो. आणि मी सुनीताला आजवर काही सांगितलेलं नाही. लग्न होऊन गेलं, आता कुणाची भीती नाही, तरीही नाही. आता कारण कोणतं आहे ते मला सांगता येत नाही.

पण मॅडम मला दिसतात त्या ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या त्या सकाळच्या.

वस्तीची माणसं घेऊन जाणारा ट्रक आमच्या चौकात उभा होता. मागं भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं, वर माणसं. फळीच्या कडेला सुनीता, मांडीवर सोनू. मॅडमची स्कूटी रस्त्याच्या पलीकडे लागलेली. त्या हेल्मेट घातलेल्या तशाच ट्रकपाशी आल्या आणि टाचा उंचावून हातातली पुडी वर धरली.

"दोन महिन्याच्या हायत," त्या म्हणाल्या. "संपाच्या आधी तिकडच्या सरकारी दवाखान्यात हा कागद दाखवजो, ते देतीन."

सुनीता दुसरीकडे पाहत होती. पुडी तिच्याऐवजी शेजारच्या म्हातारीनं घेतली.

"सकाळी एक, संध्याकाळी एक. पोचल्या दिवशी त्याले समद्या कोप्या-झोपड्यांवर फिरवून आण. फिट आली तं काय कराचं, ते शेजारणीले दाखवून ठेव. चुलीपासून लांब निजवजो."

मॅडम बोलायच्या थांबल्या, पण हटल्या नाहीत. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. सोनू त्या आवाजानं दचकून आईला बिलगला.

मी दुकानाच्या आत होतो. मधे फक्त रस्ता होता. तो ओलांडून मला एवढंच म्हणायचं होतं की सुनीताबाई, यांनी नाही म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. ट्रकवरची सगळी माणसं ते ऐकतील, हेही डोक्यात होतं. मी युरियाच्या पोत्यांच्या थप्पीवर हात ठेवून उभा राहिलो.

ट्रक हलला. मॅडम त्याच्याबरोबर चालायला लागल्या. तेव्हा सुनीतानं मान वळवली आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं, "अन त्यानं गोळी थुकून टाकली तं?"

"गुळात दे," मॅडम ओरडल्या. त्या आता चालत नव्हत्या, पळत होत्या. हेल्मेट एका बाजूला कललेलं, एक हात ट्रकच्या फळीवर. "गुळाच्या खड्यात दाबून दे. अन त्याच्यासमोर तू बी एक गुळाचा खडा खा."

पुढं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. काउंटरवर एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, हरभऱ्याच्या बियाण्याचा भाव विचारत होतं. मी त्याला भाव सांगितला.